टायरायची खांदशेकणी

चाकावरचं घर म्हटलं का तुमच्या डोळ्यापुढं काय येते ते मले माहीत आहे. समुद्र येते. टपावर पाय सोडून बसेल एक दाढीवाला येते, त्याच्या हातात गिटार, बाजूले कुत्रं. अन त्यात वर्धा म्हटलं का तुम्ही मनातल्या मनात चरखा फिरवाले लागता. दोन्ही काढून टाका. आमच्या चाकावरच्या घरात एक गॅसची शेगडी आहे, एक बेसिन आहे ज्याचं पाणी सरळ रस्त्यावर पडते, अन एक पलंग आहे ज्याच्यावर पहिले पेशंट झोपत. गिटार नाई. कुत्रं होतं, पण ते गाडीखाली झोपे. अन तुम्ही म्हणत असान का आता हा पोट्टा आम्हाले गावोगाव फिरवून आणीन, तं तेही नाई. ही गोष्ट टायरायची आहे. काळ्या, गोल टायरायची. वाचाची असन तं वाचा, पण अगोदरच सांगून देतो, मी अजून तापेलच आहो.

गाडी मोठ्या बाबाची. मोठे बाबा म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ. नालवाडीत आमचे घरं लागूनच आहे, मधात एक भिंत, अन भिंतीले एक खिडकी जिच्यातून भाजीच्या वाट्या इकडून तिकडं जातात. ही गाडी पहिले कोण्या संस्थेचा फिरता दवाखाना होती, खेड्यापाड्यात जाणारा. म्हातारी झाली तवा त्यायनं लिलावात काढली अन मोठ्या बाबानं घेतली. सगळे म्हणले, यात काय भरसान, कापूस? मोठ्या बाबानं काही भरलं नाई. औषधीच्या कपाटात डाळ-तांदळाचे डबे ठेवले, पेशंटच्या पलंगावर गादी टाकली, मागं पडदा लावून खुर्चीचा संडास बसवला, टपावर पाण्याची टाकी चढवली. बाहेरून 'फिरता दवाखाना' खरवडून काढाले घेतलं, पण अर्ध्यात कंटाळले, म्हून 'खाना' तेवढं राहून गेलं. रस्त्यानं लोकं हात दाखवून इचारत, थाळी काय भाव.

हे सगळं केलं ते मोठ्या आईसाठी. मोठी आई म्हणजे मोठ्या बाबाची बायको. तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तवापासून ती वॉकर धरून घरातल्या घरात चालते, पण एसटीत नाई तं कारमध्ये तिले बसणं होत नाई. ऑपरेशननंतर वर्धा सोडून ती कुठंच गेली नवती. झोपून जाता आलं तंच जाईन, असं ती म्हणे. तिचं माहेर तळेगावचं, तिकडं आष्टी तालुक्यात. तुळशीचं लग्न झालं का तिच्या भावाच्या पोरीचं लग्न होतं. मोठ्या आईनं लग्नाची साडी काढली, घडी घातली अन गाडीतल्या औषधीच्या कपाटात नेऊन ठेवाले लावली. लग्नाले तवा महिना होता.

गाडी चालवणार मी. मी तसा लग्नायत माईक धरतो, पाहुण्यायले हसवतो, नकला करतो. शाळेचे हेडमास्तर करतो, नळाले पाणी सोडणारा करतो, लग्नात फोटो काढाले येणारा मामा करतो. पण माहा सगळ्यात जमेल आयटम म्हणजे मोठे बाबा. अन त्यातला त्यात, टायर शेकणारे मोठे बाबा.

आता हे सांगा लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलायची खांदशेकणी होते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा आंबते, म्हून त्याले हळद-लोणी लावतात, पळसाच्या पानानं शेकतात, अन बैलाले सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोठ्या बाबाजवळ जोडी होती. मोठी आई पडल्यावर गोठा पाह्याले कोणी राह्यलं नाई, म्हून जोडी पवनारच्या एका ओळखीच्या माणसाले दिली. त्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी पाह्यतो तं मोठे बाबा हातात वाटी घेऊन गाडीपुढं उकिडवे बसेल. मले वाटलं ग्रीस लावून राह्यले. जवळ गेलो तं हळदीचा वास. पळसाचं पान घेऊन टायरले तेल चोळून राह्यले होते, एका टायरचं झालं का दुसऱ्याले. चारही झाल्यावर बोनेटपाशी गेले अन हळूच म्हणले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

त्या दिवशीपासून दरसाल. पोळ्याले एकदा, दसऱ्याले एकदा. दसऱ्याले तं इतकं तेल का टायरात तोंड दिसे.

रबराले तेल चालत नाई. तेलानं रबर फुगते, मऊ होते, मंग तडकते. त्यात गाडी उभीच्या उभी. या वर्षी मी लग्नासाठी गाडी धुवाले काढली तवा पाह्यलं, टायरायच्या गालायवर, म्हणजे बाजूच्या रबरावर, भेगा. नख जाईन अशा.

"मोठे बाबा, टायर बदला लागते."

"काऊन? घासले कुठी? नक्षी पाह्य, कोरी आहे."

"नक्षी नका पाहू, गाल पाहा. भेगा पडेल आहे."

"भेगा माह्या टाचेले बी आहे. मी चालतो का नाई?"

"तुमच्या टाचेत हवा नाई भरेल."

"तुह्या डोस्क्यात भरेल आहे," मोठे बाबा म्हणले अन वट्ट्यावर जाऊन बसले.

असे कितीक दिवस गेले. मी सांगे, ते नक्षी दाखवत. मी ओरडे, ते खायच्या पानाले चुना लावत. माह्या बाबाले म्हणलं तुम्ही सांगा, तं बाबा म्हणले भावाभावात टायरवरून काय भांडाचं. मोठ्या आईले सांगाची तं सोयच नाई, ती गाडीत बसाचंच रद्द करीन. शेवटी मी म्हणलं, बरं, मोठ्या आईले नेण्याअगोदर एक चक्कर मारून पाहू. पवनारपर्यंत. मोठे बाबा लगेच तयार झाले, कारण पवनारले त्यायची जोडी आहे. बैलायसाठी ढेपीचं पोतं बी घेतलं संगं.

धाम नदीच्या पुलाच्या थोडं अलीकडं समोरचं डावं टायर फुटलं.

आवाज इतका मोठा झाला का पुढं कापूस घेऊन चालेल ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला. स्टिअरिंग माह्या हातातून डावीकडं वढल्या गेलं. मी पूर्ण जोर लावून धरलं, तरी गाडी रस्ता सोडून खाली उतरली अन बाभळीपाशी जाऊन थांबली. मागं डब्यायचा खडखडाट. थोड्या वेळानं मी मान फिरवून पाह्यलं. औषधीचं कपाट सताड उघडं, लग्नाची साडी खाली पडेल, अन पलंगावरची गादी पलंगावर नवतीच. ते दारापाशी जाऊन उभी झाली होती.

मी खाली उतरलो अन जे तोंडाले आलं ते बोललो. म्हणलं, हे गादी पाहा. हिच्यावर मोठी आई असती. पुन्हा खुबा मोडला असता, का मान मोडली असती, ते डॉक्टरनं सांगितलं असतं. तुम्ही नक्षी पाहत बसा. लोणी लावा अजून, आवतन द्या त्या टायरायले. ट्रॅक्टरवाला उतरून आलता, तो बिचारा माहं बोलणं ऐकून वापस ट्रॅक्टरवर चढला.

मोठे बाबा खाली उतरले. टायरपाशी बसले, त्याच्यावर हात ठेवला. आतून तारा निघेल होत्या. मंग आत चढले, साडी उचलली, झटकली, घडी घालून कपाटात ठेवली. कपाटाले सुतळी बांधली. बाहेर येऊन मले म्हणले, "तिले सांगू नको."

बस, एवढंच. मले असा राग आला का मी पाठ फिरवून जॅक काढाले घेतला.

स्टेपनी लावली, ते बी तशीच भेगाळ. बैलगाडीच्या चालीनं गाडी घरी आणली. बैल पाह्याचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टायर घ्याले निघालो. टायरच्या दुकानातला सेठ अर्धा हिंदीत बोले, अर्धा मराठीत, अन दोन्हीकडून गोड. "ये साइज तं बंद झाली, भाऊ. पण तुमचं नशीब पाहा." मागच्या गोदामात गेला अन रंगीत कागद गुंडाळेल टायर ढकलत आणलं. "एकदम कोरा माल. हात नाई लागला कोणाचा."

टायरच्या गालावर एका लंबगोल चौकटीत आकडे राह्यतात, कोणत्या साली बनवलं त्याचे. मी कागद फाडला, थुंकी लावून धूळ पुसली. मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होतो तवाचं टायर.

"सेठजी, हे तं माह्या वर्गातलं आहे."

"तं क्या हुआ? चाललं नाई ना. ठेवेल टायर पकते, भाऊ, रबर बसते. जुना तांदूळ कसा, शिजला का एक एक दाणा मोकळा."

मोठे बाबा मान हलवाले लागले. तांदळाचं नाव काढलं का मोठे बाबा फसले समजा.

"मंग याचा भात लावू का?" मी म्हणलं. अन मंग माहा ताबा सुटला. सेठच्याच आवाजात, दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकायले ऐकू जाईन असं सुरू केलं. "या बहनजी, ये देखो, पका हुआ टायर. रात्री भिजत घाला, सकाळी कुकर लावा. सासूले वाढा, जावयाले वाढा. गाडीले लावलं तं मात्र आमची जबाबदारी नाई." लोकं हसाले लागले. एक माणूस हातातलं टायर ठेवून निघून गेला. सेठचा गोडपणा पुसल्या गेला. "काकाजी, घेऊन जा या पोट्ट्याले," तो म्हणला.

मोठ्या बाबानं मले कोपराले धरून बाहेर आणलं. "तोंड आहे का भोंगा? चार माणसात कोणाची नक्कल करू नाई."

"तो फसवून राह्यला होता तुम्हाले."

"मले समजत होतं."

"समजत होतं तं मान काऊन हलवत होते?"

"लग्न तोंडावर आलं, बाबू. मले टायर पाह्यजे होते."

तरी बोललो. म्हणलं, असे टायर घेण्यापेक्षा मोठ्या आईले पाठीवर घेऊन जा.

नुसत्या टायरानं बी भागत नवतं. जुन्या गाडीच्या चाकाले टायर धरून ठेवाले एक लोखंडी रिंग राह्यते, दाबून बसवेल. हवा भरताना ते निसटली तं समोरच्याचं तोंडच नेते. नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं चाक पाह्यलं, दोन पावलं मागं सरकला अन म्हणला, "भाऊ, माहे लेकरं लहान आहे." म्हणजे चाकं बी नवीन पाह्यजे. नटायचे भोकं जुळले पाह्यजे, मधातलं भोक जुळलं पाह्यजे, अन गाडीचं वजन झेपलं पाह्यजे. मी समोरचं स्टेपनीचं चाक काढून त्या जागी पेपर दाबून धरला अन हाताच्या काळ्यानं ठसा घेतला. मोठी आई चप्पल आणाले सांगते तवा पायाचं माप काढून देते ना, तसंच. वजनासाठी गाडी जिनिंगच्या काट्यावर नेली. पुढं-मागं कापसाच्या गाड्या, अन मधात आमचा 'खाना'. टाकी भरून, सिलेंडर ठेवून, मोठे बाबा आत बसून, अन पलंगावर मोठ्या आईच्या जागी ढेपीचं पोतं. काट्यावरचा माणूस इचारे, "आत कोण झोपलं आहे?" मी म्हणलं, "मोठी आई." मोठे बाबा हसले नाई.

चाकं अन टायर शेवटी नागपूरले भेटले. ठसा जुळला, साल चालू, वजन झेपणारं. आणले अन आंगणात बसवाले घेतले. बाकीच्या चाकायचे नट निघे ना. गंजून गेलते. पान्यावर उभा राहून उड्या मारल्या तवा एक एक किरकिरत सुटला. ज्याले तेल पाह्यजे होतं त्या नटायले एक थेंब नाई, अन ज्याले इख होतं त्या रबराले दरसाल आंघोळ. मी हे मोठ्यानं म्हणलं. मोठे बाबा जॅक धरून होते. त्यायनं ऐकलं. नवीन टायरायले त्यायनं हात बी लावला नाई. जुने टायर भंगारवाल्याले देतो म्हणलं तं म्हणले, राहू दे निंबाखाली. मले त्याचा बी राग आला.

नागपूरच्या दुकानदारानं एक गोष्ट सांगितलती. नवीन चाकं पहिल्यांदा लांब चालले का नट पुन्हा आवळाचे, सैल होतात. मी म्हणलं, तळेगावले पोचलो का आवळीन.

निघालो. मोठी आई पलंगावर आडवी, उशी उंच करून खिडकीतून पाहत. कुठं शेत पांढरं दिसलं का म्हणे, "पाह्य, किती फुटला." कुठं नवीन घर दिसलं का म्हणे, "हे कवा झालं?" आर्वीच्या पुढं तिनं गाडी थांबवाले लावली, कारण तिच्या लहानपणी तिथं एक विहीर होती अन तिले पाह्याचं होतं आहे का नाई. होती. तिच्या माहेरच्या दारात गाडी थांबली तवा तिचा भाऊ, वहिनी, सगळे धावत आले. मोठी आई वॉकर धरून स्वतःच्या पायानं उतरली, तेच साडी नेसून. कोणाकोणाच्या गळ्यात पडून रडली. मोठे बाबा बाजूले उभे राहून टायरायकडं पाहत होते.

मी नट आवळले नाई. आल्याबरोबर मले माईक दिला लोकायनं.

संध्याकाळचा कार्यक्रम. पहिले हेडमास्तर केले, मंग फोटोवाला मामा. लोकं हसून राह्यले होते, अन माह्या पोटात तो महिन्याभराचा राग तसाच होता. मी म्हणलं, आता एक खास आयटम. उकिडवा बसलो, खुर्चीचं टायर केलं, वाटी धरल्यासारखा हात केला. मोठ्या बाबाचा आवाज काढला. "नक्षी पाह्य, कोरी आहे." मांडव हसाले लागला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अजून हसले. अन मंग माह्या तोंडातून निघालंच, "अन आवतन घेतलं हो टायरानं, धामच्या पुलापाशी फुटलं धाडकन, गादी इकडं, डबे तिकडं." सगळ्यात मोठा हशा त्याले आला.

थोड्या वेळानं एक बाई आली अन म्हणली, तुह्या मोठ्या आईनं गाडीत बलावलं.

मोठी आई पलंगावर बसेल होती, पाठीले दोन उशा.

"दार लाव."

लावलं.

"बस. तिथं नाई, माह्या पुढं बस. मले तुहं तोंड पाह्याचं आहे. लय हसले नाई लोकं? माहा भाऊ हसला, वहिनी हसली. तुहे मोठे बाबा कुठी होते ते पाह्यलं का?"

"नाई."

"मी पाह्यलं, या खिडकीतून. पंगत उठली तिथं पत्रावळी उचलून राह्यले होते. या घरचे जावई आहे ते, बह्याडा. जावई माणूस सासुरवाडीत पत्रावळी उचलते कवा? मांडवात बसवत नवतं म्हून."

"मोठी आई, टायर फुटलं ते खरं आहे. तू असती तं—"

"मले माहीत होतं."

"कोणं सांगितलं?"

"साडीनं सांगितलं. मी घडी घातली तवा पदर आत होता. मंग एकदा घरात आणाले लावून पाह्यली तं पदर बाहेर अन घडी धोतराची. तुह्या मोठ्या बाबाले तेवढी एकच घडी येते. कपाटातली साडी खाली पडली म्हणजे गाडी आदळली, एवढं मले समजते. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं टायरमागं फिराले लागले. मी इचारलं का? त्यायले वाटत होतं हिले माहीत नाई, म्हणलं वाटू द्या. तू ते माईकवर सांगितलं."

"पण तेल लावू लावूच तं ते टायर—"

"तेल मी सांगितलं." तिनं पाठीमागची उशी नीट केली. "बैल गेले त्या साली ते वाटी घेऊन नुसते वट्ट्यावर बसेल होते. लोणी कढवलं होतं, हळद टाकली होती, सवयीनं. लावाचं कोणाले? मी खाटेवरून म्हणलं, गाडीले लावा, आता तेच नेईन मले माहेरी. लोणी पुरत नाई म्हणले, तं मी म्हणलं तेल घ्या. मले काय माहीत रबराले चालत नाई ते. तुले माहीत होतं ना? मंग त्याच दिवशी काऊन नाई सांगितलं? त्या दिवशी तं तू मोबाईल धरून त्यायचं शूटिंग करून राह्यला होता. मले खाटेवरून दिसे. हसून हसून तुहा हात हालत होता."

मी खाली पाह्यलं.

"खाली नको पाहू. शिव्या द्याच्या तं मले दे, मी लावाले लावलं तेल. देतं का? नाई ना तोंड उघडत? मंग जाय. त्यायच्या हातातून पत्रावळ घे. अन माफी-बिफी मागू नको, त्यायले अजून लाज वाटन. नुसतं म्हण, नट आवळाचे राह्यले, पाना धरा. आल्याबरोबर आवळाचे होते ना ते? तू घरी नागपूरचं सांगत होता ते सगळं मले ऐकू आलं भिंतीपलीकडून. उद्या याच चाकायवर मले घरी नेशीन. जाय. अन तोंड बंद ठेवून आवळजो."